अकरावा विजय सापडत नव्हता तेव्हा

गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात शाळकरी पोरही सांगेल. पण निवडणूक आयोगाचे विधानसभेचे अहवाल समोर घेऊन मी मोजायला बसलो, तर विजय दहाच भरले. १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. १९७२ आणि १९९५ ला पराभव. संपली यादी. मग अकरावा आकडा आला कुठून?

काम अंगावर आलं ते एका दिवाळी अंकाच्या संपादकांमुळे. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे असली कामं आमच्याकडे हक्कानं येतात. ते म्हणाले, "सर, गणपतराव आबासाहेबांवर लेख ढिगानं येतात. ऋषितुल्य, अजातशत्रू, एसटीनं फिरणारा आमदार. सगळं खरं आहे, पण आता पुरे. मला तक्ता पाहिजे. कुठल्या साली उभे राहिले, समोर कोण होतं, जिंकले का हरले, किती मतांनी. आणि तक्त्याबरोबर दोन पानं मजकूर."

मला वाटलं, सगळं इंटरनेटवर आहे. एक दुपार पुरेल.

इंटरनेटवर सगळं आहे हे खरंच आहे, पण ते ज्या क्रमानं मिळतं त्या क्रमानं आपल्याला नको असतं. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या आधी समोर येतात. त्यात अकरा वेळा आमदार हे सगळीकडे असतं. आमदारकी किती वर्षं, याचा आकडा मात्र हलता असतो. कुठे ५०, कुठे ५४, कुठे ५५. एका बातमीत देशातला विक्रम, दुसरीत जगातला. बातमी घाईत लिहिली जाते, त्याचं काही नाही. पण पुढचे लेख त्याच बातम्यांवरून लिहिले जातात आणि त्यापुढची भाषणं त्या लेखांवरून.

म्हणून सरळ आयोगाच्या अहवालांकडे गेलो. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा एकेक अहवाल, पीडीएफमध्ये. पक्षनिहाय जागा, मतांची टक्केवारी, किती जणांची अनामत जप्त झाली वगैरे कोष्टकं आधी येतात. त्यानंतर मतदारसंघवार निकाल सुरू होतात. मतदारसंघाचं नाव, खाली उमेदवार, पुढे स्त्री की पुरुष, पक्ष, मतं. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या पाच वर्षांच्या राजकारणाला चार-सहा ओळी. त्या निवडणुकीत कुणाच्या बांधाला कुणी हात लावला, कुठल्या गावानं गाडीच अडवली, यातलं काही नाही. मला हा कोरडेपणा आवडला. अहवालात विशेषणं नसतात.

अडचणी बारीकसारीक होत्या. मतदारसंघाचा क्रमांक धरून शोधायला जावं, तर फेररचनेत क्रमांक बदललेले. आज सांगोल्याचा क्रमांक २५३ आहे, तो २००८ च्या रचनेनंतरचा. विधानसभेच्या जागाच मुळात १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८. आडनावानं शोधावं, तर महाराष्ट्राला देशमुखांची कधी टंचाई पडलेली नाही. विदर्भापासून मराठवाड्यापर्यंत देशमुखच देशमुख. शेवटी प्रत्येक अहवालात सोलापूर जिल्ह्याचा भाग गाठायचा आणि पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ असं आजूबाजूचं काही दिसलं की हळू व्हायचं, ही रीत बसली.

तक्ता भरत गेला तसं एक गोष्ट दिसायला लागली. 'पक्ष' या रकान्यात प्रत्येक ओळीला तेच लिहावं लागत होतं, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजेच शेकाप. शेकाप. शेकाप. शेकाप. एक्सेलमध्ये वरच्या खणातलं खाली ओढलं की काम झालं. आजच्या कुठल्याही आमदाराचा असा तक्ता करून बघा, हा रकाना ओढता येणार नाही.

मग सहज म्हणून मी शेजारी आणखी एक रकाना उघडला. त्या त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाला राज्यात एकूण किती जागा मिळाल्या. १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला पुन्हा १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३. एके काळी काँग्रेसला तोंड देणारा हा पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभा केलेला, बहुजन समाजातल्या शेतकऱ्याचा आणि मार्क्सचं नाव घेणारा. त्याचा आकडा वर्षागणिक झिजत चाललाय आणि डावीकडच्या रकान्यात एक माणूस 'विजयी, विजयी' करत खाली उतरतोय. २००४ ला अख्ख्या महाराष्ट्रात शेकापचे दोन आमदार आले, त्यात एक सांगोल्याचा. संपादकांना हा रकाना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "सर, हाच लेख आहे." मला ते पूर्ण पटलं नाही, कारण अकरावा विजय अजून सापडायचा होता.

आता थोडं या अकराव्याबद्दल.

आयोगाचा अहवाल हा 'सार्वत्रिक' निवडणुकीचा असतो. त्या दिवशी काय झालं तेवढंच त्यात. मधल्या काळात कुणी गेलं, कुणी राजीनामा दिला, कुणाची निवड कोर्टानं रद्द केली आणि जागा पुन्हा भरली, तर ते या अहवालात कधीच येत नाही. पुढच्या अहवालातही नाही. राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला ही गोष्ट माहीत असते, पण कागदावर दहाचा आकडा दिसेपर्यंत तिचा उपयोग पडत नाही. पोटनिवडणुकांच्या याद्या वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या अहवालांइतक्या सहज हाताला लागत नाहीत.

माझ्याकडे दुसरी वाट होती. विधानमंडळ सचिवालय दर विधानसभेला सदस्यांच्या संक्षिप्त परिचयाचं पुस्तक काढतं. फोटो, शिक्षण, भाषा, छंद, आणि मग 'सदस्य, महाराष्ट्र विधानसभा' असं म्हणून वर्षांची माळ. कोणाचा छंद काय आहे हे वाचत बसलं तर वेळ बरा जातो. बहुतेकांचा 'वाचन'. पण ती वर्षांची माळ कामाची असते, कारण तिथे सार्वत्रिक आणि पोटनिवडणूक असा भेद राहत नाही. सदस्य होता म्हणजे होता. तिथे १९६७ आणि १९७८ च्या मधली कडी मिळाली. १९७४. पोटनिवडणूक.

म्हणजे गोष्ट अशी. १९७२ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींची लाट होती, बांगलादेशचं युद्ध नुकतंच जिंकलेलं. काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप १९ वरून ७ वर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले आणि दोनदा आमदार राहिलेले गणपतराव घरी बसले. पुढे मध्येच जागा रिकामी झाली, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि ते परत आले. रिकामी झालेली जागा सहा महिन्यांत भरलीच पाहिजे हा नियम तेव्हा नव्हता. तो १९९६ चा.

आकडा जुळला. तक्त्याचं काम तिथे थांबवता आलं असतं. पण १९७२ आणि १९७४ ही दोन सालं एकाखाली एक बघितली की आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात तिसराच शब्द येतो. दुष्काळ.

म्हणून मी सांगोल्यात एका जुन्या कार्यकर्त्याकडे गेलो. नव्वदीच्या घरातले गृहस्थ, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. अंगणात खाट, खाटेवर रेडिओ. मी तक्त्याचा कागद काढला तसा त्यांनी चष्मा शोधायला सुनेला हाक मारली. तो सापडेपर्यंत सगळं तोंडपाठ सांगून टाकलं.

"बहात्तरला आपटलो आमी. त्यात लपवायचं काय? आन त्याच वर्षी पावसानं पाट फिरीवली. मास्तर, तुमी मिलो बघितलाय का? लाल ज्वारी. अमेरिकेची. जनावरानंबी तोंड फिरवावं असली. ती खाऊन दिवस काढले लोकांनी."

त्यांनी सुकडीचं, म्हणजे दुष्काळात वाटलेल्या पूरक आहाराचं सांगितलं, खडी फोडायच्या कामांचं सांगितलं. बाया डोक्यावर पाटी आणि पदराखाली पोर घेऊन कामावर कशा यायच्या ते. मजुरी वेळेवर द्या, हजेरी नीट लावा, कामं गावाजवळ काढा, यासाठी मोर्चे निघायचे आणि त्या मोर्च्यांत आमदार नसलेले आबा पुढे असायचे, असं आण्णांचं म्हणणं. "आमदार नव्हतं म्हून तर सापडायचं," असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

कार्यकर्त्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात शिकवतो. पण वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मी ग्रंथालयात बसून चाळल्या, त्यात १९७२-७३ भर दुष्काळी कामांच्या बातम्यांनी पानं भरलेली दिसतात. राज्याची रोजगार हमी योजना याच दुष्काळात उभी राहिली. कायदा १९७७ ला झाला, अंमल १९७९ पासून. मला आपलं असं वाटतं की गणपतरावांची जी पुढची चाळीस वर्षं लोक सांगतात, ती १९६२ ला सुरू झाली नाहीत. ती या दोन वर्षांत सुरू झाली, ज्या वर्षांत त्यांच्या नावापुढे आमदार लिहिता येत नव्हतं. तक्त्यात या दोन वर्षांना ओळच नाही.

आणि १९७४ चा विजय नुसता आकडा भरण्यापुरता नाही. आणीबाणीत विधानसभांची मुदत वाढली, १९७२ ची विधानसभा १९७८ पर्यंत चालली. त्या शेवटच्या टप्प्यात, १९७७-७८ ला, विरोधी पक्षनेते गणपतराव देशमुख होते. पोटनिवडणूक हरले असते तर ते सभागृहातच नसते. मग १९७८ ला शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार आलं आणि ते मंत्री झाले. दोन वर्षं व्हायच्या आत, फेब्रुवारी १९८० मध्ये, केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं.

मंत्रिपदाचा रकाना मी तक्त्यात घातला आणि तो जवळजवळ मोकळाच राहिला. पुलोद, आणि नंतर १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. २००२ ला शेकापनं पाठिंबा काढला, तेही गेलं. दोन्ही मिळून साडेचार वर्षंही भरत नाहीत. बाकी सगळा काळ नुसते आमदार, बहुतेक वेळ विरोधी बाकावर. आता विरोधी बाकावरच्या आमदाराला तालुका इतकी वर्षं का निवडून देतो? आमच्याकडे सरळ हिशेब असतो की सत्तेतला माणूस निवडा, रस्ता तरी होईल. सांगोल्यानं तो हिशेब बराच काळ बाजूला ठेवला. त्यांनी सांगोल्यात उभी केलेली सहकारी सूतगिरणी हे एक उत्तर आहे. पाणी हे दुसरं, आणि ते मोठं. तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी आटपाडीला ज्या पाणी परिषदा भरत, त्यात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर गणपतराव असत. वर्षानुवर्षं तोच ठराव, तीच मागणी, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी. पावसाच्या आशेवर बोर आणि डाळिंब लावणाऱ्या तालुक्याला पाण्याची भाषा बोलणारा माणूस कुठल्या बाकावर बसतो याचं फारसं पडलेलं नसावं.

सगळ्यात जास्त वेळ १९९५ च्या ओळीनं खाल्ला. शहाजीबापू पाटील, काँग्रेस, विजयी. गणपतराव देशमुख, शेकाप, पराभूत. फरक १९२.

एकशे ब्याण्णव. मतदान केंद्रं दोनशेच्या आसपास धरली तर केंद्रामागे एका मताचा फरक. गंमत अशी की त्या निवडणुकीत काँग्रेस राज्यातून उडाली. ८० जागांवर आली, शिवसेना ७३ आणि भाजप ६५, मनोहर जोशी मुख्यमंत्री. ज्या वर्षी राज्यात काँग्रेस हरली, त्या वर्षी सांगोल्यात शेकाप काँग्रेसकडून हरला. १९७२ चा पराभव लाटेत गेला म्हणता येतं, हा तसा नाही म्हणता येत.

आण्णा त्या मतमोजणीला पक्षाचे प्रतिनिधी म्हणून टेबलावर होते. मला निकालापेक्षा त्या दिवसाची रीत ऐकायची होती, कारण माझ्या विद्यार्थ्यांनी मतपत्रिका पाहिलेलीच नाही. त्यांनी खाटेवरचं वर्तमानपत्र घेतलं, फाडून एक लांबट कागद केला, त्यावर बोटानं रेघा ओढून चिन्हांचे चौकोन दाखवले.

"हितं शिक्का मारला. आता घडी घाल." मी घातली. "उभी न्हाय, आडवी घाल. आता उघड. शाई वली असली तर ह्या चिन्हावरला शिक्का त्या चिन्हावर उमटतो का न्हाय? मग मत कुणाचं?"

फुलीच्या त्या शिक्क्याला बाणासारखी टोकं का असतात, हे मला तिथे नीट कळलं. घडीत उमटलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो, टोकं उलट्या दिशेला वळतात, आणि खरा ठसा कुठला ते सांगता येतं. पण टेबलावर दोन्ही बाजूंची माणसं मान वाकवून एका मतपत्रिकेवर भांडत असतात तेव्हा ठसा सुलटा का उलटा हेही मताचं होतं. काहींनी दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर शिक्का मारलेला. काहींनी दोघांनाही खूश केलेलं. असली मतं 'संशयास्पद' म्हणून बाजूला निघतात आणि निवडणूक अधिकाऱ्यासमोर जातात, त्याचा निर्णय. गठ्ठे बांधायचे, गठ्ठे मोजायचे, खणात टाकायचे, फेरीचा आकडा फळ्यावर. "आमच्या टेबलावर तरी तवा वाटत हुतं की आलोय. मग आकडा लागला." एवढं बोलून आण्णांनी तो फाडलेला कागद चोळामोळा करून खाटेखाली टाकला आणि सुनेला चहा सांगितला.

अहवालात बाद मतांचा आकडा असतो. फरक १९२ चा असेल तर त्या आकड्याकडे नजर गेल्याशिवाय राहत नाही. तुमच्या मतदारसंघाच्या जुन्या निवडणुका कधी बघितल्यात तर विजयी उमेदवाराच्या ओळीनंतर हाच आकडा बघा, असं मी आता वर्गात सांगतो.

चार-साडेचार वर्षांनी, १९९९ ला, ते परत निवडून आले. मग २००४, २००९. २०१४ ला ऐंशी ओलांडून बरीच वर्षं झालेली असताना पुन्हा उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापूच, आता शिवसेनेकडून. पंचवीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. मोदी लाट म्हणतात ती त्याच वर्षी होती. या चार ओळी भरायला मला फार वेळ लागला नाही आणि खरं तर त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखंही कमी आहे. शेवटच्या तीन निवडणुकांना शपथपत्रं मिळतात. उमेदवारानं मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण जाहीर करायचं हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांनंतर आलं. त्याआधीच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या आमदाराकडे किती एकर होती हे त्याच्या गावाला माहीत असे, कागदाला नसे.

आता वर्षांचा हिशेब. ५५ हा आकडा कसा आला असेल ते मला लगेच कळलं. अकरा गुणिले पाच. पण विधानसभा दर वेळी पाच वर्षांची नसते. १९६२ ते १९७२, दहा. १९७४ ते १९९५, एकवीस, त्यात १९८० च्या बरखास्तीतले काही महिने सोडा. १९९९ ते २०१९, वीस. झाले पन्नास-एक्कावन्न. १९७८ ची विधानसभा दोन वर्षांत गेली, १९७४ चा विजय चार वर्षांचा. २०१२ ला विधिमंडळानं त्यांचा पन्नास वर्षांबद्दल गौरव केला, तो पहिल्यांदा निवडून आल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. मधले खंड वजा केले तर प्रत्यक्ष आमदारकीची पन्नास वर्षं शेवटच्या कारकिर्दीच्या अखेरीस भरतात. संपादकांना मी पन्नासहून थोडी जास्त असं लिहायला सांगितलं. ते जरा नाराज झाले. "लोक म्हणतील, आपल्याच माणसाची चार वर्षं कापली." मी म्हटलं, लोकांना दोन पराभव मान्य असतील तर ही चार वर्षं त्यातच गेली आहेत.

विक्रमाचंही तसंच. महाराष्ट्रात अकराचा आकडा त्यांचाच. पण देशात म्हणाल तर तमिळनाडूत करुणानिधी १९५७ पासून तेरा वेळा निवडून आले, एकदाही न हरता. त्यांचे मतदारसंघ बदलले, हे खरं. एकाच मतदारसंघाची अट घातली तरी केरळात के. एम. मणी आहेत. पाला मतदारसंघ, १९६५ ते २०१६, तेरा वेळा. त्यातली १९६५ ची विधानसभा बसलीच नाही, निकाल लागला आणि सभागृहच भरलं नाही. तो विजय धरायचा की नाही यावर तिकडेही कुणी मास्तर तक्ता घेऊन बसला असेल. देशातला विक्रम ही ओळ मी काढली. जगातला तर सोडाच.

एवढं झाल्यावर खरा वाद उरला होता तो शेवटच्या दोन ओळींचा. २०१९ ला गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८. शहाजीबापूंचं नाव पुढे २०२२ ला गुवाहाटीहून फोनवर केलेल्या झाडी, डोंगार आणि हाटीलीच्या वर्णनामुळे घराघरांत गेलं, पण सांगोल्यात ते त्याआधी पंचवीस वर्षं फरकांच्या आकड्यांवरून ओळखले जायचे. मग २०२४ ची तिरंगी लढत. शिंद्यांच्या शिवसेनेकडून शहाजीबापू, ठाकऱ्यांच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे, आणि शेकापकडून दुसरे नातू बाबासाहेब देशमुख. बाबासाहेब पंचवीस हजारांवर मतांनी निवडून आले आणि शेकापचे राज्यातले एकमेव आमदार ठरले.

संपादकांना हे दोन्ही निकाल तक्त्यात हवे होते. तालुक्याचा अंक आहे, तालुक्याला चालू आमदार वाचायचा असतो, शिवाय जाहिराती. मी म्हटलं, तक्ता एका माणसाचा आहे. १९६२ ते २०१४, तेरा लढती, अकरा विजय. २०१९ ला त्यांचं नाव मतदान यंत्रावर नव्हतं. ज्या माणसानं पक्षाचा रकाना साठ वर्षं बदलला नाही, त्याच्या तक्त्यात दुसऱ्या नावाची ओळ घालून घराण्याचा तक्ता करायचा नाही. आण्णांना विचारलं, तर ते संपादकांच्या बाजूनं. "आरं घाल की, पोरगं निवडून आलंय."

तोडगा निघाला. तक्ता तेरा ओळींचा, आणि नातवांच्या दोन निवडणुका मजकुरात. छपाईला जायच्या आदल्या रात्री संपादकांचा पुन्हा फोन आला. पान अरुंद आहे, एक रकाना उडवावा लागेल, पराभूत उमेदवाराचा उडवू का? मी मंत्रिपदाचा उडवा म्हटलं. तो तसाही मोकळाच होता.